बोरिवलीच्या घरातला खिळा

माई, आज बोरिवलीच्या घराला गिऱ्हाईक आलं होतं आणि मी त्याला दारातूनच परत पाठवलं. तुम्ही असतात तर माझी काही धडगत नव्हती. गिरगावातली माणसं, नवरा-बायको आणि नवऱ्याची आई, उन्हातान्हातून आलेली. तुम्ही त्यांना आधी पाणी दिलं असतं, मग त्या सासूबाईंचा हात धरून थेट न्हाणीघरात नेलं असतं आणि "इथं बसून धुणं धुवून बघा, कंबर म्हणून मोडायची नाही" असं सांगून निम्मं घर तिथेच विकून टाकलं असतं. मी नुसतं म्हटलं, "घरात वर्ष पाळतोय. यंदा काही नाही." म्हाताऱ्या बाई चुकचुकल्या आणि निघून गेल्या. पाणी विचारायचं राहिलंच.

तुमचं चौदावं होऊन फार दिवस झाले नाहीत. लोक अजून भेटायला येतात आणि माई किती शांत, किती सोशिक, किती देवभोळ्या होत्या, असं मलाच ऐकवून जातात. मी मान डोलावते. देवभोळ्या होता, कबूल. पण शांत? सोशिक? त्या सदा गवंड्याला विचारा म्हणावं. दोन सरकारी कारकुनांच्या बायका, दोघी जावा, मोडकी घरं विकत घेऊन, नीट करून, विकायच्या, हे या लोकांना माहीत नाही, आणि माहीत होऊन चालणारही नाही. म्हणून जे त्यांना सांगता येत नाही ते तुम्हालाच सांगत बसले आहे. तुम्हाला ठाऊक असलेलंच सांगते आहे, पण तुम्ही मध्ये बोलणार नाही, हे माझ्या पथ्यावर पडलं आहे. इतकं सलग बोलायची संधी मला या घरात पहिल्यांदाच मिळते आहे.

'धंदा' हा शब्द घरात काढायचा नाही, अशी तुमच्या यजमानांची, दादांची, सक्त ताकीद. सरकारी नोकराला जोडधंदा चालत नाही. कल्पना मात्र त्यांचीच. गावी परत निघालेल्यांची पडकी घरं उपनगरात स्वस्तात मिळतात, चाळीत गुदमरलेली माणसं नीटनेटक्या घरासाठी तडफडतात, मध्ये फक्त कौलं आणि चुना, असा त्यांचा हिशेब. म्हणून अंधेरीचं पहिलं घर, तबेल्याच्या पलीकडचं, त्यांनी तुमच्या नावावर घ्यायचं ठरवलं. नाव तुमचं, डोकं त्यांचं, असा बेत होता बिचाऱ्यांचा.

रजिस्ट्रारच्या कचेरीत कारकुनाने विचारलं, "मालक कोण?" दोघे भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. तुम्ही पदर सारखा करून पुढे झालात. "मी."

"बाई, काय घेताय ते ठाऊक आहे ना?"

"मागची भिंत ओल धरते, रहाट मोडलाय आणि तिसरा वासा वाळवीनं खाल्लाय," तुम्ही म्हणालात. "आणखी काही असेल तर तुम्ही सांगा."

दादा दोनदा घर बघून आले होते. त्यांना तबेल्याचा वास तेवढा आला होता. त्या दिवशी धंदा त्यांच्या हातून गेला तो गेलाच. मुलुंडचं घर घेताना तर तुम्ही मलाच पुढे ढकललंत. मी सही करायला टाक उचलला. तुम्ही कानाशी येऊन म्हणालात, "सावकाश कर गं, पण मोठी कर." तेवढी मोठी सही मी आजवर दुसऱ्या कशावर केलेली नाही. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती, तुम्ही म्हणाला असतात, "बरं वाटत नाहीये का तुला?"

जावाजावा उभा दावा म्हणतात. आपल्याला दावा मांडायला फुरसत कुठे होती? रिकामं घर कोणी घेत नाही, घरात चूल पेटलेली दिसली पाहिजे, हा तुमचा पहिला सिद्धांत. त्यामुळे घर घेतलं की सगळं कुटुंब उचलून त्यात राहायला जायचं, राहता राहता ते नीट करायचं, आणि नीट झालं, पंख्याखाली जरा बसावंसं वाटायला लागलं, की ते विकून दुसऱ्या गळक्या घरात. अंधेरी, मुलुंड, घाटकोपर, बोरिवली. दर वेळी लॉरीवर सगळ्यात शेवटी तुमचा पाटा-वरवंटा चढायचा आणि दर वेळी हमाल विचारायचा, "माई, तिकडं दगड मिळत नाहीत काय?" मुलांच्या दप्तरात पुस्तकांपेक्षा शाळा सोडल्याचे दाखले जास्त. आमचा धाकटा नव्या शाळेत नाव विचारलं की नावाबरोबर "आम्ही इथं कायमचे नाही" असं आपणहून सांगायचा.

घर बघायला जायचं ते धो धो पावसात, हा तुमचा आणखी एक कायदा. "उन्हात सगळी घरं साळसूद दिसतात. पावसात पोटातलं बोलतात." आणि विकायचं थंडीत, मकरसंक्रांतीच्या आसपास, माणसाच्या तोंडात तीळगूळ असताना. घर पुरुष बघतात, पण घेतात बायका, आणि बायकांतही सून नाही, सासू. म्हणून आधी न्हाणीघर, मग स्वयंपाकघर, ओसरी शेवटी. गिऱ्हाईक यायच्या आधी तुम्ही तुपावर बेसन भाजायला घ्यायचात. सगळं घर खमंग होऊन जायचं. माणूस दारात पाऊल टाकायचा तो आपल्या आजोळी आल्यासारखा टाकायचा. व्यवहार ठरला की त्या बेसनाचे लाडू डबा भरून गिऱ्हाइकाबरोबर. आपल्या मुलांना कढई खरवडायला मिळायची. बेसन भाजल्याचा वास आला की आमची मुलं खूश व्हायच्याऐवजी आपापली खेळणी बांधायला लागायची.

अंधेरीच्या घराला दादांच्या कचेरीतले साहेबच गिऱ्हाईक म्हणून आले, ते आठवलं की मला अजून हसू आवरत नाही. आता सुद्धा, पिठलं ढवळताना, एकटीच हसले, आणि सासूबाईंनी आतून विचारलं, "रडतेस का गं?" दादांनी खिडकीतून साहेबांना येताना पाहिलं आणि "वाट लागली" म्हणत ते जे धावले ते न्हाणीघरात घुसून कडी लावून बसले. आता तुमचा नेम म्हणजे न्हाणीघर आधी दाखवायचं. साहेब सपत्नीक त्या दारासमोर उभे. तुम्ही डोळ्याची पापणी न हलवता म्हणालात, "आमच्या घरचे आत आहेत, सोवळ्यात. स्नानसंध्या आटोपल्याशिवाय दार उघडत नाहीत."

आतून काही ऐकू येईना. तुम्ही दारावर टिचकी मारून जरा मोठ्याने म्हटलंत, "चालू द्या, चालू द्या." मग दादांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि आतून नाकात आवाज काढून कसलंसं स्तोत्र सुरू झालं. त्यांना पहिल्या चारच ओळी येत होत्या. त्याच पुन्हा पुन्हा, मध्ये मध्ये तांब्याने पाणी. साहेब टोपी काढून उभे राहिले. साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "अशा घरात राहायला मिळायला भाग्य लागतं." घर तिथेच गेलं. पुढे साहेबांनी कचेरीत दादांना सांगितलं, "जोशी, तुमच्याच आडनावाच्या एका बाईंचं घर घेतलं मी. काय कर्मठ माणसं!" दादा म्हणाले, "जोशी काय साहेब, ढिगाने आहेत." अवेळी थंड पाणी घेतल्याने त्यांना सर्दी मात्र झाली, आणि तुम्ही काढा देताना म्हणालात, "निदान पाचवी ओळ तरी पाठ करून ठेवा."

पण माई, तुमचा सगळ्यात हट्टी नियम होता तो वास्तुशांतीचा. विकायच्या घराची वास्तुशांत आपण का करायची? घेणारा करील की त्याची तो. असं आमचे हे म्हणायचे, दादा म्हणायचे, मीही म्हणायचे. तुमचं ठरलेलं. "वाळवी काढतो, गळती काढतो, तशी अशांतीही काढून द्यावी. शांत केल्याशिवाय आपल्या हातून घर जाणार नाही." मग विकण्याआधी भटजी यायचे, तुम्ही आणि दादा पाटावर बसायचात, तुमचे गुडघे कुरकुरायचे, होम व्हायचा आणि स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून डबीतला वास्तुपुरुष पालथा पुरायचा. आणि आठ-पंधरा दिवसांत आपण त्याला तिथेच ठेवून चालते व्हायचो.

त्याचा परिणाम मुलुंडला झाला. घर घेतलं दादरच्या एका मास्तरांनी. त्यांनाही वास्तुशांत करायचीच होती. भटजी यायच्या आधी खड्डा तयार असावा म्हणून मास्तरांनी स्वतः पहार घेतली आणि आग्नेय कोपरा खणला. पहार ठण्णकन आपल्या डबीवर. उघडून बघतात तो आत पालथा पुतळा, काळे पडलेले दाणे, आणि वाळलेलं शेवाळ. ते शेवाळ मास्तरांच्या आईंना माणसाचे केस वाटले. "करणी!" म्हणून त्या अशा ओरडल्या की शेजारचे धावत आले. आपण तेव्हा घाटकोपरला टेकडीवरच्या घरात. मास्तर आणि त्यांच्या आई ती डबी कोळशाच्या चिमट्यात धरून गाडीने घाटकोपरला आले. वाटेत माणसं लांब सरकून बसत होती म्हणे. टेकडी चढून दारात उभे राहिले तेव्हा आईंना धाप लागली होती, तरी चिमटा सोडलेला नव्हता.

"घर परत घ्या तुमचं," त्या म्हणाल्या. "आम्हाला मारायला निघालात?"

मी पळी हातात घेऊनच बाहेर आले. तुम्ही डबी उघडलीत आणि कपाळाला हात लावून नमस्कार केलात. "अहो, हा आमचा वास्तुपुरुष. हे शेवाळ बघा, पाण्यात टाका, हिरवं होईल. विसरलो नाही काही, मुद्दाम ठेवून आलो होतो. तुमची काळजी घ्यायला."

आईंचा आवाज जरा उतरला. "पण आता आमचा पुरायचा आहे. एका घरात दोन कसे राहतील?"

"आमच्या घरात एका चुलीवर दोन जावा राहतात," तुम्ही म्हणालात, "आणि त्या काही देव नाहीत. त्या दोघांना काय धाड भरलीय?"

आईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. खरं का गं, असं. माझ्या हातात पळी होती. मी जोरजोरात मान डोलावली. मग त्या बसल्या, पाणी प्यायल्या, तुमच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि जाताना डबी चिमट्यात नाही, पदराखाली धरून नेली. लाडवांचा डबाही नेला, हे सांगायला नकोच. मुलुंडला अजून ते दोघे शेजारी शेजारी आहेत. मास्तरांच्या आई तुम्हाला शेवटचं बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, "भांडत नाहीत हो."

डबी परत गेली त्या रात्री भांडी घासताना मी तुम्हाला विचारलं होतं, "माई, लोकांच्या घरांत आपण देव पुरून आलो. आपल्या घरात कधी?" तुम्ही म्हणालात, "आपलं घर कुठंय? आपण मुक्कामाला आहोत." तुम्ही हसत म्हणालात. मला ते हसण्यासारखं वाटलं नाही. पण मी गप्प बसले, कारण वरवंटा तुमच्या हाताशी होता.

मग बोरिवली. माई, हे घर तुम्ही का घेतलंत? गोड पाण्याची विहीर, मागे अळवाचा वाफा, शाळा इतकी जवळ की घंटा झाल्यावर निघालं तरी चालतं. मुलांना मित्र झाले. धाकट्याने "आम्ही इथं कायमचे नाही" म्हणणं सोडलं. सदा गवंड्याने गळती काढली, फरशा बसवल्या, आग्नेय कोपऱ्यातली एक फरशी तुमच्या सांगण्यावरून सोडून दिली. "माई, ह्यो खड्डो बुजवू की ठेवू?" तो सारखा विचारायचा. तुम्ही त्यावर पाट ठेवलात आणि म्हणालात, "मुहूर्त निघू दे." सगळी त्या पाटाला ठेचकाळायची.

आणि मी खिळा ठोकला. आपल्या घरांत खिळा ठोकायचा नाही, भोकं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत येतात, हा तुमचा कायदा. इतकी वर्षं कॅलेंडर तांदळाच्या डब्याला टेकून उभं असायचं. तारीख बघायला वाकावं लागायचं. एका दुपारी मी सदाकडून हातोडी मागून घेतली आणि ओसरीच्या भिंतीत, भर मधोमध, चांगला जाड खिळा मारला. तुम्ही बाजारातून आलात आणि पिशवी हातातच राहिली.

"कुमुद, भिंतीला भोक पाडलंस?"

"हो. कॅलेंडर लावलंय."

"आपल्या घरात खिळे ठोकत नाहीत, माहितेय ना तुला?"

"लोकांच्या घरात ठोकत नाहीत माई. हे घर आपलं करायचंय मला. मी इथून हलणार नाही."

एवढं बोलायला मला अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत यावं लागलं. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत. मला वाटलं आता आकाश कोसळणार. पण तुमचे डोळे लकाकत होते. "मुलुंडलाच आणखी एक बघून आलेय गं. मागची भिंत पडायला आलीय, कौलं सगळी फुटकी, ओसरीत शेळ्या बांधतात. झकास आहे!" फुटक्या कौलांबद्दल तुम्ही बोलत होतात आणि एखादी आई मुलीला सांगून आलेल्या स्थळाबद्दल बोलते, तसा तुमचा चेहरा झाला होता. तेव्हा मला कळलं की तुम्हाला घर नको होतं, घर करणं हवं होतं. दहा बाय दहाच्या खोलीत नऊ माणसांत वाढलेली बाई. उभ्या आयुष्यात एक भिंत तुम्हाला विचारून बांधलेली नव्हती. पण हे समजूनही मी म्हटलं, "नाही."

"मी आहे तोवर हे घर विकायचं," तुम्ही म्हणालात. "मी गेल्यावर ठोक हवे तेवढे खिळे."

"माई! भलतं बोलू नका. वास्तू तथास्तु म्हणते."

तुम्ही कोपऱ्यातल्या पाटाकडे बोट दाखवून खो खो हसलात. "कुठली वास्तू? अजून पुरलीय कुठं? पुरल्याशिवाय बोलत नाही तो."

वाद तिथेच राहिला. पुढच्याच आठवड्यात तुम्हाला ताप भरला. डॉक्टर म्हणाले साधा आहे, तुम्ही म्हणालात साधा आहे, आणि साध्या तापातच तुम्ही गेलात. माई, खड्डा रिकामा होता. मग तथास्तु म्हणालं कोण? याचं उत्तर मला भटजींनाही विचारायची हिंमत होत नाही.

चौदाव्यानंतर भाऊ-भाऊ बसले, भटजीही होते. मुलुंडच्या त्या शेळ्यांच्या घराला आता अर्थ नाही, बोरिवलीचं विकून मोकळं व्हावं, असं दादा खालमानेने म्हणाले. ह्यांनी होकार दिला. मी म्हटलं, "वास्तुशांत?" दोघांनी भटजींकडे बघितलं. भटजी म्हणाले, "छे छे, कर्ती बाई गेली. वर्षभर मंगलकार्य नाही." मी म्हटलं, "मग घर विकता येणार नाही. माईंचा नियम आहे." दादा भटजींचं पंचांग चाळायला लागले. तुमच्या नियमापुढे ते तुम्ही असतानाही कधी बोलले नव्हते.

जिंकले मी, माई. तुमच्याच कायद्याने तुम्हाला हरवलं. असली जीत माझ्या वैरिणीलाही नको.

भटजी उठता उठता म्हणाले, "माईंनी मुहूर्त काढायला सांगितलं होतं. म्हणाल्या, या खेपेला पाटावर धाकटं जोडपं बसेल." आजवर तिन्ही ठिकाणी तुम्ही आणि दादाच बसलात. मग आम्ही का? घर आम्हाला द्यायचं तुमच्या मनात होतं म्हणून? की गुडघे दुखत होते म्हणून? दादा म्हणतात गुडघे. हे म्हणतात घर. मी दोघांनाही हो म्हणते. तुम्ही मला नुसतं एकदा बोलला असतात तर काय बिघडलं असतं? पण तुम्ही तरी काय, मी तरी काय, कामाचं सोडून आपण एकमेकींशी बोललो कधी?

काल तुमचा फोटो चौकट घालून आला. ओसरीत लावायचा ठरलं. हे हातोडी घेऊन उभे राहिले आणि थबकले. "खिळा मारू? माईंना चालत नाही." दादा म्हणाले, "नको, टेबलावर ठेवू." मग तिघांचंही लक्ष कॅलेंडरच्या खिळ्याकडे एकदमच गेलं. मी कॅलेंडर उतरवलं आणि तांदळाच्या डब्याला टेकून ठेवलं. आज तारीख बघायला वाकले तेव्हा सवयीने वर पाहिलं. भर मधोमध, त्या जाड खिळ्यावर तुम्ही बसला आहात, पदर सारखा करून, रजिस्ट्रारपुढे बसला होतात तशा.

वर्ष सरलं की पुन्हा गिऱ्हाइकं येतील. दादा विचारतील. मी त्यांना विचारणार आहे, विकायचं तर भिंतीतला खिळा आधी काढावा लागेल. तो कोण काढतो, सांगा.